इरल्याला ओळखणारं शिंगरू

आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मागं फिरायला जागा राहणार नाही. ज्या दसऱ्याला मी लोणावळ्याच्या बाजारातून एक रानटी शिंगरू ढिल्या दाव्यानं चालवत आणलं आणि मावळात 'मऊ हाताचा माणूस' म्हणून नाव कमावलं, त्या दसऱ्याला शिंगराच्या म्होरकीत, नाकावरच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, करवंदीचे दोन काटे होते. ते मी घातले होते. माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. देवाला ठाऊक असावं, पण तो काही बोललेला नाही आणि मीही विषय काढलेला नाही.

आमचा धंदा भाड्याच्या तट्टांचा. थंडीत आणि उन्हाळ्यात मुंबईची माणसं हवा खायला येत. त्यांना तट्टावर बसवून कड्यापर्यंत न्यायचं, दरी दाखवायची आणि परत बंगल्यावर आणून सोडायचं. पावसाळ्यात कुणी येत नसे, कारण तेव्हा आमच्याकडं हवेपेक्षा पाणी जास्त. रिकाम्या तट्टांना चार महिने चंदी घालणं परवडणारं नव्हतं. म्हणून मृग लागला की म्होरक्या सोडायच्या, जनावरं वरच्या पठारावर हाकलायची आणि नवरात्राच्या सुमाराला पुन्हा खाली आणायची, हा आमच्या घोडेवाल्यांचा रिवाज. वर गेलेली तट्टं चार महिन्यांत माणसाला विसरत. खाली आल्यावर त्यांना आमची आठवण करून द्यायचं काम तात्यांचं.

तात्या म्हणजे माझे चुलते. ते चाबुकस्वार होते. एका घोडीनं त्यांचा डावा अंगठा नेला होता आणि तेव्हापासून समस्त अश्वजातीशी त्यांचं वैर चालू होतं. त्यांची रीत सोपी. तीन दिवस उपास, तीन दिवस चाबूक, सातव्या दिवशी नारळ. नारळ ते देवाला फोडत, पण श्रेय स्वतःला घेत.

जर्मनांशी झालेली पहिली लढाई संपून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. आमची एक लाल घोडी पठारावरून खाली यायलाच तयार नसे. दोन वर्षं हुलकावणी देत राहिली, वरच व्याली, आणि तिसऱ्या वर्षी दिसलीच नाही. बिबट्यानं नेली असावी. तिचं शिंगरू तेवढं मागं राहिलं. दोन वर्षांचं, तांबूस, कपाळावर चांदवा. ते ठाकरवाडीच्या म्हशींमध्ये राहू लागलं होतं. म्हशी चिखलात बसल्या की हेही बसे. आपण म्हैस आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माणूस दिसला की मात्र ते घोडा असल्यासारखं पळे.

मृगाच्या तोंडावर तात्या म्हणाले, "दसऱ्याला त्येला खाली आणू. मग मी हाय न् ते हाय."

त्याच आठवड्यात तात्यांनी एका घोडीला खांबाला बांधलं होतं आणि दावं मी धरलं होतं. ती दात खात होती, तो आवाज माझ्या कानात बसला होता. म्हणून मी बोललो, असं म्हटलं तर छान दिसेल. अर्धं कारण ते होतंच. उरलेलं अर्धं असं, की दसऱ्याला कामशेतहून भाताच्या व्यापाऱ्याकडची माणसं मला बघायला येणार होती. मी बावीस वर्षांचा, उंची बेताची, शिक्षण त्याहून बेताचं. दाखवण्यासारखं जवळ काही नव्हतं. मी म्हणालो, "तात्या, चाबूक न लावता मी त्याला बाजारातून आणतो. ढिल्या दाव्यानं."

"चाबूक न लावता? मग काय त्येला कीर्तन सांगनार?"

"दावं जमिनीला टेकलेलं दिसेल तुम्हाला."

"टेकलं तर मी चाबूक चुलीत घालीन. ताणलं तर शिंगरू माजं. तीन दिस, तीन दिस, नारळ."

पैज लागली. आता खरं सांगायचं तर मला घोड्यांची भीती वाटे. घोडेवाल्याच्या घरी जन्मून भीती वाटणं म्हणजे कोळ्याच्या पोराला पाण्याची वाटण्यासारखं. ते मी मोठ्या शिताफीनं लपवत असे.

पहिल्या दिवशी धोतराच्या ओच्यात हरभरे घेऊन, डोक्यावर इरलं घालून मी पठारावर गेलो. ज्यांनी इरलं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं शाकारलेली, डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत. मागून माणूस कासवासारखा दिसतो, पुढून कासवासारखा दिसत नाही एवढंच. मी "ये, ये" करत शिंगराकडं गेलो. ते पळालं. म्हशी पळाल्या. एका दगडावरचं दुसरं इरलं उठून उभं राहिलं आणि त्यातून बाईचा आवाज आला,

"आरं मुडद्या, घोडं धराया आलास का म्हशी उधळाया?"

ती मावशी. ठाकरवाडीतली विधवा, पन्नाशीच्या आसपासची, दाढेत कायम तंबाखू. वाडीतल्या सगळ्यांच्या म्हशी ती राखे. एरवी घोडेवाल्यांना ती फार मोजत नसे. मी पैजेची गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की तंबाखू थुंकावी लागली.

"त्वांड दाखवत गेलास व्हय? तुझं त्वांड बघून माझीबी म्हस आटंल. आदी पाठ दाखव. बस हितं."

मी बसलो. शिंगराकडं पाठ करून, धो धो पावसात, एका दगडावर, दोन तास. शेजारी मावशी. तिनं सांगितलेलं सारं शिक्षण असं होतं: बघायचं नाही, बोलवायचं नाही, आणि हरभरे स्वतः खायचे.

"आन् त्याला?"

"आपुन खातोय आन् त्येला देत न्हाई, ह्येचा राग यिऊ दे त्येला. रागानं तरी जवळ यील. नवरा मी असाच आनला व्हता."

पंधरा दिवस मी डोंगर चढून वर जाई आणि पाठ दाखवून परत येई. घरी तात्या विचारत, "कसं काय, शाळा कुठवर आली?" मी म्हणे, चांगली चाललीय. तिसऱ्या आठवड्यात मागं कुरतडण्याचा आवाज आला. शिंगरू माझ्या इरल्याचं पान खात होतं. मी दगडासारखा गप्प. भीतीनं. मावशीला मात्र ते शहाणपण वाटलं. "बेस. हालला न्हाईस." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी आणि तीही गैरसमजानं.

पुढचं सगळं हळूहळू. आधी हात नुसता लोंबता ठेवायचा. मग आयाळ जिथं संपते तिथं खाजवायचं. तिथं घोडा घोड्याला दातानं खाजवतो, हे मावशीनं लांबून बघून ठरवलं होतं. मग दावं जमिनीवर टाकून द्यायचं, त्यानं हुंगावं, तुडवावं, त्यावर मुतावं. ते त्यानं केलंही. मग दावं मानेवर. म्होरकी तर त्याला घालायचीच नाही, असं मावशी म्हणे.

"म्होरकी आपुन घालायची न्हाई. त्येनं घालून घ्यायची."

म्होरकीचं तोंड उघडं धरून ती आत ओंजळभर हरभरे धरे. शिंगरू खायला नाक घाले आणि नाकाबरोबर म्होरकीत जाई. आठ दिवसांनी हरभरे नसले तरी नाक घालू लागलं. श्रावण संपता संपता आम्ही त्याला चालवायला शिकवलं. तिथंही तिची रीत उलटी. तात्या दावं ओढत. ही म्हणे, "वडायचं न्हाई. नुसतं धरून हुबा ऱ्हा. त्यानं एक पाय हालवला की सोड. सोडल्यालं त्येला कळतं, वडल्यालं न्हाई." आणि खरोखर, दावं सैल पडलं की त्याला बक्षीस मिळाल्यासारखं होई. भादव्यात ते माझ्यामागं पठारभर हिंडायचं, मध्ये दावं लोळत. मी पुढं, शिंगरू मागं, त्यामागं दोन रेडकं, कारण त्यांनाही वाटलं काहीतरी मिळतंय.

ते दिवस माझे फार सुखाचे गेले. भीती कधी गेली ते मला कळलंही नाही.

मग पाऊस उघडला. एका सकाळी लख्ख ऊन पडलं. मी इरलं घरी ठेवून, डोक्याला नुसती टोपी घालून वर गेलो आणि शिंगराला हाक मारली. त्यानं मला पाहिलं, शेपटी वर केली आणि जे पळालं ते थेट पठाराच्या पलीकडं.

मावशी पोट धरून हसत होती.

"आगं काय झालं त्याला?"

"त्येनं तुला कवा बगितलंय? त्येनं इरलं बगितलंय. तू कोन? कुनीतरी टोपीवाला."

चार महिने मी इरल्याखाली होतो. शिंगराची दोस्ती कामट्यांशी आणि पानांशी झाली होती, आतला इसम त्याच्या खिजगणतीत नव्हता. मावशी स्वतः ऊन असो पाऊस असो इरलं सोडत नसे, म्हणून तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. दसरा बारा दिवसांवर.

तोड तिनंच काढली. "इरलं घाल. रोज चार-चार पानं काढ. आज खांदा दिसंल, उद्या कान दिसंल. दसऱ्यापत्तुर नुसत्या कामट्या ऱ्हातील. मग त्या बी काढ. कवा काढल्या त्येला कळायचं बी न्हाई."

इतकी शहाणी तोड मी नंतर कुठं ऐकली नाही. पण ती अमलात आणायची म्हणजे भर उन्हात, कोरड्या रस्त्यानं, टक्कल पडत चाललेलं इरलं घालून गावातून जायचं. पहिल्या दिवशी रेल्वेच्या रुळावर काम करणारी टोळी थांबली. "ओ पाव्हणं, पाऊस कुटं पडतुया?" मी म्हणालो, घरातून निघताना पडत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बघून हात पुढं करून थेंब झेलले. तिसऱ्या दिवशी अर्धा बाजार दारात उभा. चौथ्या दिवशी शिंप्याकडून माझा नवा कोट आला. काळा, गळाबंद, कामशेतच्या पाहुण्यांसाठी शिवलेला. तो मी घालून बघितला आणि त्यावर इरलं चढवून आरशात बघितलं.

पाचव्या दिवसापासून मी पानं काढली नाहीत. शिंगराला खांदा दिसला, एवढं पुरे, अशी मी स्वतःची समजूत घातली. अर्धवट इरलं डोंगराच्या पायथ्याच्या एका गोठ्यात ठेवायचो, वर जाताना तिथून घालायचो आणि मावशीला सांगायचो, चाललंय. तिची नजर अधू होत चालली होती. लांबून तिला पानं मोजता येत नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी मी शिंगराला डोंगराच्या पायथ्याच्या गोठ्यापर्यंत आणलं, इरलं घालूनच. छान आलं. दावं लोळत होतं. गोठ्यामागं मी इरलं उतरवलं आणि कोट घातला. शिंगरानं मान वर केली. डोळ्यांचे पांढरे दिसले. चार पाय चार खुंटांसारखे रोवले. मी धरून उभा राहिलो, मावशीनं शिकवलं तसं. पण उभं राहायला वेळ लागतो, आणि बाजाराकडून हलगी ऐकू यायला लागली होती. इरलं तिथंच हातभर अंतरावर पडलं होतं. ते उचलून डोक्यावर घेतलं असतं तर शिंगरू मुकाट्यानं आलं असतं, सबंध बाजार हसला असता, आणि मी पैज जिंकली असती. इतकं सोपं होतं.

गोठ्याच्या कुडाला करवंदीची फांदी होती. दोन काटे मोडले, नाकावरच्या पट्टीतून आतल्या बाजूला खुपसले. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तात्यांनीही असलं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. ते मारत ते चारचौघांत.

एकदा ओढलं. शिंगरू कण्हल्यासारखं झालं आणि पुढं आलं. दुसऱ्यांदा ओढायची वेळच आली नाही. शिकलेलं जनावर होतं ते. सोडलेलं कळत होतं, आता ओढलेलंही कळलं. दावं जरासुद्धा ताणू नये म्हणून ते माझ्या कोटाला नाक लावत चालू लागलं.

आणि असा आम्ही बाजारातून गेलो. दावं जमिनीवर लोळत होतं, मागं झेंडूच्या पाकळ्या ओढत. लोक बाजूला झाले. कुणी तरी म्हणालं, "काय माया लावलीय बघा." कामशेतचे पाहुणे मिठाईच्या दुकानापुढं उभे होते. त्यांतले एक म्हातारे दुसऱ्याला म्हणाले, "जनावराशी असा वागतो, तर पोरीला काय तरास देनार?" माझं लग्न तिथंच ठरलं. तात्यांनी चाबूक माझ्या पायाशी टाकला. चुलीत घातला नाही, चामड्याचा वास येतो म्हणून. पण टाकला.

मावशी डोंगर उतरून आली होती. तिला बाजारात मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. धुवट लुगडं, इरलं नाही, केस विंचरलेले. गर्दीतून ती शिंगरापर्यंत आली. "आलं गं माझं, आलं," असं म्हणून तिनं ओंजळीत हरभरे धरले. तिचा आवाज शिंगराला ओळखीचा होता. त्यानं ओंजळीत नाक घातलं, हरभरे तोंडात घेतले आणि चावायला जबडा हलवला. पट्टी ताणली. त्यानं असा झटका दिला की हरभरे माझ्या कोटावर उडाले, आणि मागं सरून ते तिच्या हाताकडं बघत थरथरत राहिलं.

मावशी हात तसाच धरून उभी होती.

"असं का केलं रं त्येनं? माझ्या हाताला?"

मी म्हणालो, "दमलं असेल, मावशी. गर्दी आहे."

"न्हाई. माझ्या हाताला भ्यालं त्ये." मग हळूच, "घाई झाली माझी. कुटंतरी चुकलं."

एवढं बोलून ती गेली. सोनंसुद्धा घेतलं नाही. मी गोठ्यामागं जाऊन काटे काढले. नाकाच्या हाडावर दोन थेंब होते. खिशात लोकांनी दिलेली आपट्याची पानं होती, त्यांतल्याच एका सोन्यानं ते पुसले.

पुढच्या पावसाळ्यात पठारावर आणखी एक शिंगरू राहिलं. मी मावशीकडं गेलो. ती म्हणाली, "मला नगं सांगू. माझ्या हाताचा आता भरोसा न्हाई. तुमच्या चाबूकवाल्याला द्या." मी तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. त्यातून निघालं ते असं, की यंदा भात बरं दिसतंय. तिच्यावाचून एकट्यानं हात घालायचा धीर मला झाला नाही, ते शिंगरू तात्यांकडं गेलं. चुलीत न गेलेला चाबूक होताच. त्यात त्याचा एक डोळा गेला. दावं मी धरलं होतं.

चांदव्याचं तट्टू आमच्याकडं बरीच वर्षं होतं. मुंबईच्या बायकांना फार आवडे, कारण मान खाली घालून चालायचं. आपणहून म्होरकीत नाक मात्र त्यानं पुन्हा कधी घातलं नाही. पट्टी दिसली की तोंड फिरवायचं.

मी नंतर वीसेक तरी शिंगरं हाताखाली काढली. एकाही म्होरकीत काटा घातला नाही. सगळी मावशीच्याच रीतीनं काढली: पाठ, हरभरे, ढिलं दावं, आणि पाऊस संपला की पान-पान काढलेलं इरलं. भर उन्हात, गावातून. लोक आता हसत नाहीत, विद्या आहे म्हणतात. एकही शिंगरू हाताला भ्यायलं नाही. म्हणजे रीत बरोबर होती. हे मला वीस वेळा कळलंय, आणि जिची रीत तिला एकदाही कळलेलं नाही. उर्शापासून खंडाळ्यापर्यंत लोक मला विचारतात, ही कला कुणाकडून उचललीत? मी हसतो. लोकांना तो विनय वाटतो.

मावशी अजून आहे. आता डोळ्यांनी दिसत नाही. दारात बसून नातवंडांना शिव्या देते, त्या अजून ताज्या आहेत. गेल्या दोन वर्षांत मी तीनदा वाडीवर गेलो. गूळ नेला, तंबाखू नेली. मागच्या खेपेला तिच्या सुनेनं मला विचारलं, तुमच्यासारखा हात आमच्या सासूला का नव्हता? मावशी म्हणाली, "नसतो येकेकाला." मी चहा प्यायलो आणि उतरून आलो.

माझं देणं एवढंच आहे. तिच्या दारात बसून, सुनेच्या देखत, तिला सांगायचं आहे की मावशी, तुझा हात चुकला नव्हता, म्होरकीत काटे मी घातले होते. ते मी अजून सांगितलेलं नाही.